अकरा लेकी आणि लशीचा डबा

कोल्हापूरला लोक देवीच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, जेवायला तर जातातच. मी मात्र दोनदा गेले ती लोकांचं रक्त मागायला. तेही ऐन साथीत, तोंडाला मास्क बांधून आणि सोबत हनोईहून आलेली एक पाहुणी घेऊन. परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय खाल्लंस?" रक्ताचं कुणीच विचारत नाही, म्हणून दोन्ही एकदमच लिहून टाकते.

साल २००९. स्वाइन फ्लूनं पुण्याची झोप उडवली होती. शाळा बंद, दुकानांतले मास्क संपलेले, आणि बसमध्ये कुणी शिंकलं की शेजारची जागा आपोआप रिकामी. मी तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करते. त्या गडबडीतच हनोई, मेलबर्न आणि आम्ही अशा तीन ठिकाणच्या प्रयोगशाळांनी मिळून एक काम हाती घेतलं. हा ताप एकदा घरात शिरला की कुणाकडून कुणाकडे जातो, ते शोधायचं. तिन्ही देशांत फॉर्म एकच आणि नियमही तेच. घरातल्या प्रत्येकाच्या नाकातला नमुना आणि थोडं रक्त घ्यायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायचं. ताप येऊन गेला की रक्तात त्याची खूण राहते. दोन्ही वेळचं रक्त शेजारी ठेवलं की मधल्या दिवसांत काय घडलं ते कळतं. नुसत्या पहिल्या रक्ताचा उपयोग शून्य. आणि घरातला एक जरी माणूस दुसऱ्या वेळी सापडला नाही, तर ते सगळं घर बाद.

खेड्यातली घरं निवडायचं काम माझ्याकडे होतं. मी फार हुशारी केली. म्हटलं, गौरी जेवायच्या दिवशीच जाऊ, त्या दिवशी घर भरलेलं असतं, एका फेरीत सगळे सापडतील. या कल्पनेबद्दल मेलबर्नहून कौतुकाचं पत्रही आलं होतं. ते पत्र मी अजून फाडलेलं नाही, पण दाखवतही नाही.

गडमुडशिंगी, गौरी जेवायचा दिवस

हनोईची पाहुणी, डॉ. लान, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण भेटल्या भेटल्या तिनं पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. मला जरा रागच आला. मग तिनं समजावलं की त्यांच्या भाषेत समोरचा मोठा की धाकटा हे कळल्याशिवाय बोलायलाच सुरुवात करता येत नाही. तिथे कुणी परकं नसतंच, कुणी ताई असतं, कुणी धाकटी बहीण, कुणी काकू. मी तीन वर्षांनी मोठी, म्हणून तिथल्या तिथे तिची ताई झाले.

गडमुडशिंगीत आम्हाला घ्यायला आल्या होत्या विमल कांबळे. गावातल्याच नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. गावातलं प्रत्येक मूल त्यांनी टोचलेलं आहे, त्यामुळे लहान पोरं त्यांना बघून पळतात आणि मोठी माणसं उठून खुर्ची देतात. त्यांच्या खांद्याला निळा लशीचा डबा लटकलेला. आमची परदेशी शीतपेटी विमानतळावर कुठेतरी अडकली होती, म्हणून सगळं काम त्या डब्यावरच झालं.

पहिलं घर हौसाबाईंचं. दारात पाऊल टाकलं आणि आतून आवाज आला, "या पावणं, आत या की! भाईर का हुबा ऱ्हायलाय?"

आत गौर बसलेली, शेजारी गौरीचा नवरा शंकरोबा, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही इतक्या बायका. लाननं डोळ्यांनीच मोजलं आणि हरखली. मी तिच्याकडे अशा थाटात पाहिलं, जणू ही गर्दी मीच जमवली होती. हौसाबाईंनी मात्र आमच्या हातातल्या सुया बघून सरळ सांगितलं, "आदी जेवा. उपाशी माणसाच्या हातात मी हात देत न्हाय."

लान घाबरली. नियमात लिहिलं होतं की नमुने घ्यायच्या घरात मास्क काढायचा नाही. तिनं मला हळूच विचारलं, आता काय? मी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "परसात बसवतो की वारं लागंल असं." म्हणून आम्ही परसदारी, शेवग्याखाली, सगळ्यांपासून दहा हात लांब बसून पुरणपोळी, दूध, कटाची आमटी आणि वर तुपाची धार असं जेवलो. लान पोळी काठानं खायला लागली. हौसाबाई लांबूनच ओरडल्या, "आगं, मोडून खा, दुधात बुडवून!" लाननं न समजताच मान डोलावली आणि बरोबर तेच केलं.

आमच्या नागपूरकडे या दिवसांत महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, आंबील, आणि सुनांची धावपळ. मुलगे कुठेही नोकरीला असोत, बायका-पोरांसकट घरी येतात, आणि सुनेला तर त्या दिवशी सासर सोडण्याची सोयच नाही. माझ्या डोक्यात घर भरणं म्हणजे हेच. समोरच्या बायका हसताहेत, आरामात बसल्याहेत, कुणी कामाला हात लावत नाहीये, हे दिसत होतं. पण मला त्यावरून काही सुचलं नाही. सुना अशा बसतात का कधी?

जेवणानंतर रांग लागली. घरातल्या मधल्या लेकीचं, संगीताचं, नाक गळत होतं, खोकलाही होता. तिचा नमुना घेताना ती इतकी जोरात शिंकली की लानचा चष्मा धुऊन निघाला. सगळं घर हसलं. फॉर्मवर मी प्रत्येकीपुढे इमानानं ‘रा. गडमुडशिंगी’ लिहीत गेले. हौसाबाईंना विचारलंही होतं, "या सगळ्या घरच्याच ना?"

"व्हय की! घरच्या न्हाईत तर कुणाच्या?"

दोन दिवसांत सहा घरं झाली. दुपारी बायकांनी लानला फुगडीला ओढलं आणि तिची तिथेच ‘लानाक्का’ झाली. लान म्हणाली, इतकं सोपं काम हनोईतसुद्धा झालं नव्हतं.

पुन्हा गडमुडशिंगी, पितृपक्ष

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा हौसाबाईंच्या घरात पाच माणसं होती.

मी फॉर्म बघितला, घर बघितलं, पुन्हा फॉर्म बघितला. "बाकीच्या कुठे गेल्या?"

"आपापल्या घरी गेल्या की," हौसाबाई म्हणाल्या. "गौरी गेली, लेकी गेल्या. संगीताच तेवढी चतुर्दशीपतूर ऱ्हायली, तापानं पडलीती म्हणून. लेकी काय जलमभर माहेरात ठेवायच्या व्हय?"

सहाच्या सहा घरांत तीच गत. एकूण अकरा लेकी जिल्हाभर पांगलेल्या. एक कागलला, दोघी राधानगरीकडे, एक थेट निपाणीच्या अलीकडे, बाकीच्या मधल्या गावांत, आणि संगीता गगनबावड्याच्या पुढे एका वाडीवर. म्हणजे सहाही घरं बाद. लान चौथ्या दिवशी विमानात बसणार होती. मी सिस्टरांवर चिडले, जे मी करायला नको होतं.

"तुम्हाला माहीत होतं ना लेकी जाणार म्हणून? मग सांगितलं का नाही?"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमी इचारलंच न्हाई की मॅडम. आमच्यात गौरी नसती, तरीबी माझ्या भैनी येत्यात. गावच्या साऱ्या लेकी आल्या की त्यांनाबी यावंसं वाटतं. ही गोष्ट कुणी सांगावी लागती का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लानला सगळं इंग्रजीत सांगताना ‘माहेर’ला शब्दच सापडेना. मी दोन-तीन वाक्यं खर्ची घातल्यावर ती म्हणाली, "अगं ताई, म्हणजे नव्या वर्षाचा दुसरा दिवस!" त्यांच्याकडे नव्या वर्षाचा पहिला दिवस नवऱ्याच्या घरचा आणि दुसरा आईकडचा असतो. ती कपाळावर हात मारून हसायला लागली. चूक माझी होती आणि हसत ती होती, याचा मला फार आधार वाटला.

"चला, जाऊ या त्यांच्या घरी," लान म्हणाली.

सिस्टरांनी मान हलवली. "तसं जाऊन चालंल व्हय? सुया घेऊन सासरच्या दारात हुबं ऱ्हायलासा, तर सासू म्हणंल, सुनंला कसला रोग लागलाय? रातोरात गावभर हुईल." मग जरा विचार करून म्हणाल्या, "माहेरची माणसं म्हणून जावा. आयांकडनं गाठोडी घ्या. गाठोडं घेऊन आलेल्याला कोण दारात आडवत न्हाय."

कागल, राधानगरी आणि चटणीचा वास

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये आम्ही तिघी, ड्रायव्हर शामराव, लशीचा डबा आणि अकरा गाठोडी होतो. पितृपक्षात नवी वस्तू द्यायची नाही असं मी कुणीतरी म्हटलेलं ऐकलं होतं, तसं मी बोलूनही दाखवलं. एका आईनं मला गप्प केलं, "चटणीला कसली आलीयात पित्रं?" त्यामुळे अकरापैकी नऊ गाठोड्यांत कांदा-लसणीची चटणी होती, आणि कागल येईपर्यंत आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. शामराव म्हणाले, "मास्क राहू द्या मॅडम, आज खरा उपेग हाय त्येचा."

लानला वेगळीच काळजी होती. नियमाप्रमाणे रक्त देणाऱ्यांना भेटवस्तू देता येत नाही. मी म्हटलं, देणारे आपण नाही, आई आहे. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. नंतर अहवालात मला ते वाक्य सापडलं: ‘पथकाने सहभागी व्यक्तींच्या कुटुंबीयांचे साहित्य पोहोचवले.’

सिस्टरांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. दारात "मुडशिंगीस्नं आलोय" म्हटलं की सासवा स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन येत. गाठोडं सुटलं की सून एकदम लहान मुलगी होई. प्रत्येकीनं आधी वास घेतला, मग "आई बरी हाय का?" विचारलं, मग हात पुढे केला. निपाणीच्या बाजूच्या घरात सगळ्या एकमेकींना अक्का-अव्वा म्हणत होत्या, तिथे लानाक्का इतकी शोभून दिसली की निघताना तिची ओटी भरली. तांदूळ आणि नारळ घेऊन ती जीपमध्ये बसली आणि विचारलं, "हे रक्त घेतल्याबद्दल देतात का?" सिस्टर म्हणाल्या, "न्हाई. परत या म्हणून देत्यात."

एकच अपघात झाला. राधानगरीत मी बर्फाच्या पिशव्या बदलायला डबा उघडला, तर तळाशी, बर्फाखाली, स्टीलचा गडू. त्यात लोण्याचा गोळा! हौसाबाईंनी कुणाला न सांगता, संगीताचं लोणी वितळू नये म्हणून, रक्ताच्या नळ्यांशेजारी ठेवून दिलं होतं. लानच्या तोंडून जो शब्द निघाला त्याचा अर्थ मी विचारला नाही. नळ्या झाकणबंद पिशवीत होत्या म्हणून बचावलो. लोणी बाहेर काढून शामरावांच्या ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि त्या दिवसापुरतं ते त्यांच्या मांडीवर राहिलं. दुसऱ्या दिवशी निघताना ते सिस्टरांच्या फ्रिजमधून आठवणीनं घेतलं.

संध्याकाळी कोल्हापुरात, राजारामपुरीत, जेवायला थांबलो तेव्हा दहा लेकी झाल्या होत्या. शामरावांनी लानसाठी पांढरा रस्सा मागवला. चौथी वाटी मागताना तिनं सांगितलं की त्यांच्याकडेही सकाळी असाच रस्सा पितात, फक्त त्यात शेवया असतात. शामराव म्हणाले, "मग तुमचं आमचं एकच गाव, लानाक्का. मधी जरा समुद्र पडलाय."

गगनबावडा

अकरावी लेक संगीता. कळे गाव मागे पडलं आणि पाऊस सुरू झाला, तो थांबलाच नाही. गगनबावड्याला पोचलो तेव्हा धुकं इतकं की शामराव खिडकीबाहेर डोकं काढून गाडी चालवत होते. वाडीपर्यंत जीप जाईना. शेवटचा टप्पा चिखलातून चालत गेलो. डबा सिस्टरांच्या खांद्यावर, गाठोडं माझ्या डोक्यावर, लोण्याचा गडू लानच्या दोन्ही हातांत. ती दोनदा घसरून पडली, पण गडू काही तिनं सोडला नाही.

संगीता दारातच होती. लोणी बघून तिचे डोळे भरून आले. तिनं बोट बुडवून चाटलं आणि हसली. मी दंडाला बांधायची पट्टी काढली, तसा तिनं हात पाठीमागे घेतला.

"मी न्हाई देत रगात."

इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. तेव्हा ती पुढे जे बोलली, ते तिच्याच शब्दांत देते. सासू गोठ्यात गेल्याची खात्री करून ती हळू बोलायला लागली.

"मी गौरीला गेलतो तवा शिंकत गेलतो. तुमी बघिटलंसा की. दोन दिसांनी दादा तापानं पडला, मग त्याची पोरगी. भावजय सगळ्यांदेखत म्हणली, ननंदंनं माहेरात आजार आणला. पुढं मलाबी ताप आला, तर म्हणली, बघा, तिचाच हुता. आता रगातात तसं निगालं तर? पुढल्या येळी मुराळी म्हणून दादा यील का मला न्ह्यायला?"

मी लानला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मुराळी म्हणजे सासरी जाऊन बहिणीला माहेरी घेऊन येणारा, हेही सांगितलं. माझ्या मनात आलं, हिनं नाही म्हटलं तर हौसाबाईंचं घर यादीतून जाईल. आणि लगेच त्या विचाराची लाजही वाटली, कारण तिचं जे जाणार होतं ते फॉर्मवर कुठे लिहिलेलं नव्हतं.

लान ओल्या पायरीवर तिच्याजवळ बसली. ती बोलत गेली आणि मी मराठीत सांगत गेले. "रक्तात काय निघेल ते मला आज माहीत नाही. तू आणलास असंही निघू शकतं. खोटं बोलून मी तुझा हात मागणार नाही. पण जे निघेल ते फक्त तुला सांगू. भावाला नाही, भावजयीला नाही." मग म्हणाली, "आमच्याकडे पक्ष्यांच्या तापाची साथ होती तेव्हा मी दोन वर्षं आईकडे गेले नाही. आपण घेऊन जाऊ अशी भीती. नंतर तपासलं, तर मला काहीच झालेलं नव्हतं. आईला अजून वाटतं मी कामात होते."

संगीतानं गडू जवळ ओढून घेतला. मग मला विचारलं, "आईनं दिलं का रगात?"

"दोन्ही वेळा. परवा तर स्वतः हात पुढे केला."

"तिला म्हाईत हाय का भावजय काय म्हणली ते?"

"ते नाही माहीत मला."

"घ्या मग," ती म्हणाली आणि बाही वर केली. सुई टोचताना ती मुळीच हलली नाही. आम्ही निघताना सासूनं लानच्या पिशवीत नाचणीचं पीठ घातलं आणि मला विचारलं, "ही पावणी सूनबाईची कोण लागती?" सिस्टर पटकन म्हणाल्या, "लांबची मावशी."

पुणे

लान हनोईला गेली. नमुने तिन्ही ठिकाणी वाटून तपासले गेले. निकालावर नाव नसतं, फक्त क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ती यादी माझ्या कपाटात कुलूपबंद होती. दिवाळीच्या तोंडावर निकाल घेऊन लानचा ईमेल आला. खाली एकच ओळ होती: ‘ताई, लोण्याच्या गडूवाल्या मुलीचा क्रमांक आधी बघ.’

मी बघितला. गौरीच्या दिवशी, ती धो धो शिंकत असताना घेतलेला नाकातला नमुना स्वच्छ होता. ती शिंक गगनबावड्याच्या पावसाची, साधी सर्दी. पहिल्या रक्तातही काही नाही. दुसऱ्या रक्तात मात्र फ्लूची ठसठशीत खूण. ती माहेरी ताप घेऊन गेली नव्हती, तिथून घेऊन आली होती. मी एकटीच प्रयोगशाळेत टाळी वाजवली.

तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर फोन लावला. ती आल्यावर सगळं सावकाश सांगितलं. 

"म्हंजी मी न्हाई न्हेला?"

"नाही."

"तितंच लागला मला?"

"हो."

"दादाचा?"

"ते मला सांगता येत नाही."

"बरं बरं, नगा सांगू," ती म्हणाली आणि मोठ्यांदा हसली. मग एकदम आवाज खाली आला. "मॅडम, आईला कळू देऊ नगासा. लेकीला जेवाय बोलीवलं आन् ताप देऊन लावली म्हणून रडत बसंल."

"आणि भावजयीला?"

"तिला सांगतो की मी! दादा न्ह्यायला आला तर. न्हाई आला तर कुणाला सांगू?"

 माझ्या हातातला निकाल पुरावा म्हणून पक्का होता, पण तो घेऊन गगनबावड्याची चढण कुणी चढेल का, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. लानला तसं कळवलं.  तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, ‘मी रजा टाकली आहे. आईकडे जाते आहे.’

दिवाळीत मी फराळाची ताटं लावत होते. फोन वाजला. संगीता कुजबुजत बोलत होती.

"मॅडम, दादा आलाय न्ह्यायला. भावजयीनंच लावून दिलाय म्हणं. पर लई शिंकाय लागलाय. काय करू, आत घेऊ का नगं?"

मी ताट खाली ठेवलं. "नाकाला काहीतरी बांधायला सांगा. आणि खिडक्या उघड्या ठेवा."

"बांधलाय की टावेल," ती म्हणाली. "आता जेवताना काढलाय तेवढा. दुसरी भाकरी चालू हाय त्येची."